पाचव्या मजल्यावरचं ६२ हजारांचं घर घ्यावं का? दिग्रसच्या ताईंना उत्तर

ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही पुढचं समजेल. ताई दिग्रस तालुक्यात गावी राहतात. मिस्टर मागच्या पावसाळ्यात टोकियोला आयटी कंपनीत लागले, ऑफिस शिंजुकूजवळ, पगार कपातीआधी महिन्याला साडेतीन लाख येन, सध्या कंपनीनं दिलेल्या एका खोलीत राहून राहिले. मार्चमधे ताई दोन लेकरं घेऊन जाणार, मुलगी नोव्हेंबरात सहाची झाली, धाकटा दीड वर्षाचा. मिस्टरांनी तामा न्यू टाउन नावाच्या उपनगरात तीन खोल्या अन् किचनचं घर पाहून ठेवलंय, भाडं ६२ हजार येन, पाचवा मजला, लिफ्ट नाही. दुसरीकडे एका एजंटनं ७० हजारांचं घर दाखवलं पण सुरुवातीलाच पावणेचार लाख येन भरा म्हणतो. ताई विचारतात, पहिलं एवढं स्वस्त आहे तं त्यात काही गडबड आहे का, दुसरा एजंट लुबाडून राहिला का, आणि सासूबाईंना सोबत नेता येईल का.

माझं सांगायचं तं मी टोकियोत बरीच वर्षं हेच काम केलं, भारतातून बदलीवर येणाऱ्या लोकांना घरं शोधून देणं, करार वाचून दाखवणं, घर सोडताना भांडून डिपॉझिट परत आणणं. आता आर्वीकडे गावी राहतो, शेती पाहतो अन् फोनवर तेच काम करतो. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिकडचं ऑफिस साडेनऊला उघडलं की इकडे सहाच वाजलेले असतात, गोठ्यातलं आवरायच्या आत माझे अर्धे फोन होऊन जातात.

तर ताई, गडबड काहीच नाही. दोन्ही ठिकाणी कोणी फसवून नाही राहिलं. पण तुम्ही दोघं ६२ हजार आणि ७० हजार असे आकडे शेजारी ठेवून पाहून राहिले ना, तिथंच खरा घोळ आहे. भाड्याचा आकडा हा घराच्या किमतीतला एक भाग झाला, बाकीची किंमत कोणाच्या पायांनी, कोणाच्या वेळेनं आणि कोणाच्या पाठीनं भरली जाते ते पाहावं लागते. मिस्टर सकाळी साडेसातला निघणार, रात्री आठ-नऊला येणार. दिवसभर त्या घरात तुम्ही आणि दीड वर्षाचं पोट्टं. म्हणून मी सगळ्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो की दिवसा घरात कोण राहणार, ऑफिस किती लांब ते नंतर पाहू.

आता हे न्यू टाउन काय प्रकरण आहे ते सांगतो कारण ते कळल्याशिवाय स्वस्त का ते कळत नाही. युद्धानंतर जपानात गावंच्या गावं कामासाठी शहराकडे आली, घरं पुरेनात, म्हणून सरकारनं १९५५ ला गृहनिर्माण महामंडळ काढलं आणि शहराबाहेर एकसारख्या चार-पाच मजली बिल्डिंगांच्या वसाहती बांधायला घेतल्या, त्याला ते दांची म्हणतात. तामा न्यू टाउन हे त्यातलं फार मोठं काम, टोकियोच्या पश्चिमेला डोंगर सपाट करून वसवलेलं, तामा, हाचिओजी, इनागी, माचिदा अशा चार शहरांच्या हद्दीत पसरलेलं. १९७१ ला सुवा आणि नागायामा या भागात पहिली कुटुंबं राहायला आली आणि गंमत म्हणजे तेव्हा तिथं रेल्वेच नव्हती, ती १९७४ ला आली, तोवर लोक बसनं दुसऱ्या स्टेशनवर जाऊन गाडी पकडत होते. त्या महामंडळाचाच आजचा वारसदार म्हणजे यूआर नावाची संस्था, २००४ पासून या नावानं चालते, अर्धसरकारी म्हणा. मिस्टरांनी पाहिलेलं घर यूआरचंच आहे, तुम्ही पाठवलेल्या कागदावर दिसतंय.

यूआरचं घर स्वस्तात पडायचं मोठं कारण भाडं नाहीच, आत शिरतानाचा खर्च आहे. तिथं घरमालकाला द्यायची परत न मिळणारी भेट रक्कम नाही, दलाली नाही, दर दोन वर्षांनी करार नवा करायची फी नाही आणि जामीनदार लागत नाही. दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट, त्या महिन्याच्या उरलेल्या दिवसांचं भाडं आणि जिना-दिवाबत्तीचा थोडा सामायिक खर्च, बस. ६२ हजारांच्या घराला म्हणजे एक लाख २४ हजार डिपॉझिट अन् वरचे थोडे, दोन लाखाच्या आतबाहेर काम होते.

तुमच्या एजंटचे पावणेचार लाख कुठून आले ते आता पाहा. ७० हजार डिपॉझिट, ७० हजार ती भेट रक्कम, तिला रेइकिन म्हणतात, ७७ हजार दलाली म्हणजे एक महिन्याचं भाडं आणि त्यावर १० टक्के कर, ५० हजाराच्या आसपास जामीनदाराच्या जागी उभ्या राहणाऱ्या हमी कंपनीचे, वीस-वीस हजार आगीचा विमा आणि कुलूप बदलायचे, आणि एक महिन्याचं भाडं ॲडव्हान्स. बेरीज करून पाहा, बरोबर तिथंच जाते. तेव्हा तो लुबाडत नाही, खासगी बाजाराची रीतच तशी आहे. फक्त दलालीबद्दल एक गोष्ट मिस्टरांना सांगा. नियमानं भाडेकरू आणि मालक दोघांकडून मिळून एक महिन्याचं भाडं एवढीच कमाल दलाली घेता येते आणि भाडेकरूनं आधी संमती दिली नसेल तर त्याच्या वाट्याला अर्धीच येते. लोक विचारतच नाहीत, पूर्ण भरून मोकळे होतात. विचारल्यावर काही एजंट लगेच अर्ध्यावर येतात, काही म्हणतात मग दुसरं घर पाहा. भेट रक्कम मात्र कमी करून मागून पाहायला हरकत नाही, रिकाम्या सीझनला मालक ऐकतात, पण जानेवारी ते मार्च हा तिकडचा बदल्यांचा अन् कॉलेजांचा सीझन, तेव्हा कोणी हात लावू देत नाही आणि सामान नेणारे ट्रकवालेसुद्धा दर चढवून बसतात.

आणखी एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही पण तुम्हाला माहीत असलेली बरी. तिकडच्या न्याय मंत्रालयानं २०१७ मधे परदेशी लोकांचा सर्व्हे प्रसिद्ध केला, त्यात घर शोधलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के लोकांनी सांगितलं होतं की परदेशी म्हणून घर नाकारलं गेलं. खासगी मालकांपैकी बरेच जण हे तोंडावर सांगत नाहीत, एजंट फोन ठेवून म्हणतो "आत्ताच दुसऱ्याला गेलं". यूआरमधे हा प्रकार नाही, दीर्घ मुदतीचा रेसिडेन्स परवाना असला आणि उत्पन्नाची अट बसली की पहिला येईल त्याला घर. कुटुंबासाठी अट अशी आहे की भाडं ८२ हजार ५०० च्या खाली असेल तं महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या चौपट पाहिजे, आणि त्याच्यावर दोन लाखांच्या आतलं भाडं असेल तं सरसकट ३ लाख ३० हजार. तुमच्याकडे साडेतीन लाख आहेत, कपातीआधीचेच धरतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बसतं. नवीन नोकरी असली तं कंपनीकडून पगाराचं पत्र न्यायचं. ज्यांचं उत्पन्न बसत नाही त्यांना भाड्याच्या शंभरपट बचत दाखवायचाही रस्ता आहे, पण ते आपल्यासारख्याचं काम नाही.

बरं, मग ६२ हजारांचं घ्यायचं का? माझं मत, तेच पाचव्या मजल्यावरचं घेऊ नका. त्याच वसाहतीत खालच्या मजल्यासाठी थांबा.

आता का ते सांगतो. जपानात पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, म्हणजे तुमचा पाचवा आपल्या हिशोबानं चौथा. तरी लिफ्टशिवाय चौथा हा चौथाच. त्या जुन्या बिल्डिंगांमधे लांब व्हरांडा नसतो, एक जिना आणि प्रत्येक टप्प्यावर समोरासमोर दोनच दारं, असे दहा घरांचे जिने एकाशेजारी एक उभे. त्याचा फायदा पण आहे, घर दोन्ही बाजूंनी मोकळं, दक्षिणेला बाल्कनी, उत्तरेला खिडकी, हवा आरपार खेळते अन् हिवाळ्यात दुपारपर्यंत ऊन आत येते, टोकियोतल्या लाखभर येनच्या नव्या फ्लॅटात एवढं ऊन मिळत नाही. पण जिना अरुंद, मधल्या टप्प्यावर वळताना बाबागाडी तिरपी धरावी लागते, आणि वरचे मजले स्वस्त असतात ते याच्याचसाठी. एक दिवस डोळ्यासमोर आणून पाहा. जूनचा महिना, तिकडे तेव्हा पावसाळा. मुलीला शाळेतून आणायचं, धाकटा कडेवर झोपलेला, एका हातात छत्री, दुसऱ्यात दूध अन् भाजीची पिशवी, बाबागाडी खाली ठेवावी तं जिन्याखाली ठेवायची परवानगी आहे की नाही ते वसाहतीवर अवलंबून. मिस्टरांनी ते घर रविवारी एकदा, रिकाम्या हातानं पाहिलंय. तरुण माणसाला पाच मजले म्हणजे काही वाटत नाही.

दुसरं कारण आवाजाचं. या वसाहतींमधे आता बरीच म्हातारी माणसं राहतात, १९७०-८० च्या दशकात तरुण म्हणून आलेलीच तिथं म्हातारी झाली, त्यांची पोरं शहरात गेली. आपल्याच गावांसारखं म्हणा, फक्त तिकडे गाव सिमेंटचं आहे. माणसं चांगली असतात, तुमच्या लेकराला संत्री देतील, पण दीड वर्षाचं पोट्टं संध्याकाळी डोक्यावर धावलं की खालचे आजोबा ऑफिसात फोन करतात, तुमच्या दारात येऊन बोलणार नाहीत. आपल्याला वाटते एवढंसं लेकरू, काय आवाज होणार! जुन्या स्लॅबमधून होतो. लहान लेकरं असलेल्या सगळ्यांना मी म्हणून पहिला मजला सुचवतो. तिथं ओल जास्त, किडे-मुंगी जास्त, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात, पण लेकराला "हळू चाल, हळू चाल" म्हणत दिवसभर जीव मेटाकुटीला येत नाही. भाडं काही हजार येन जास्त पडेल. तुमच्या बजेटमधे, ७० हजाराच्या आत, पहिला-दुसरा-तिसरा मजला नागायामा, सुवा किंवा त्याच्या बाजूच्या काइतोरी-तोयोगाओका भागात मिळण्यासारखा आहे, फक्त रिकामा निघायची वाट पाहावी लागते. यूआरच्या साइटवर रोज नवं येतं, सकाळी एकदा अन् संध्याकाळी एकदा पाहत जा म्हणावं. आणि एक, घर ठरलं की भाडं लवकरच सुरू होतं, मार्चपर्यंत कोणी राखून ठेवत नाही. मिस्टर जानेवारी-फेब्रुवारीत एकटे राहायला गेले अन् महिना-दीड महिना रिकाम्या घराचं भाडं गेलं तरी चालेल, मार्चच्या शेवटी धावपळ करण्यापेक्षा ते परवडलं.

इथपर्यंतचं एवढं लक्षात ठेवा, संस्था बरोबर, वसाहत बरोबर, मजला चुकीचा. आता पुढचं, जे भाड्याच्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसते.

तिकडे भाड्याचं घर म्हणजे रिकामा डबा. दिवा नाही, पंखा नाही, पडदा नाही, शेगडी नाही, जुन्या यूआरमधे बहुतेक वेळा एसीसुद्धा नाही. म्हणून कधीकधी चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होते. एक एसी बसवायसकट ६० ते ८० हजार येनला जाते, आणि ऑगस्टमधे एसीशिवाय लेकरांना ठेवता येत नाही, आपल्या यवतमाळच्या मे महिन्याइतका पारा चढत नाही पण दमटपणा असा की कुलरचा काही उपयोग नाही. गॅसचं विशेष सांभाळा. तिकडे पाइपनं येणारा शहराचा गॅस वेगळा आणि सिलिंडरचा वेगळा, दोघांच्या शेगड्या वेगळ्या, चुकीची शेगडी जोडली तं धोका असतो. आधी घराला कोणता गॅस आहे ते विचारायचं, मग शेगडी घ्यायची, जुनी घेत असाल तं मागच्या स्टिकरवर पाहायचं. आणि गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो तेव्हा कोणीतरी घरी हजर लागते, तर मिस्टरांनी तेवढी अर्धी सुट्टी आधीच टाकून ठेवावी, नाही तं पहिला आठवडा दुकानच्या भातावर काढावा लागेल.

विजेचंही पाहा. जुन्या घरांमधे करार अमुक इतक्या ॲम्पिअरचा असतो, एसी, मायक्रोवेव्ह आणि भात शिजवायचा कुकर एकदम लावला की बटण पडते. किती ॲम्पिअर आहे अन् किती वाढवता येते ते करार करतानाच विचारावं. वॉशिंग मशीनची जागा पाहावी, काही जुन्या घरांत तिच्यासाठी वेगळी नाली नसते, पाइप बाथरूममधे सोडावा लागतो. फ्रिज जिन्यातून वळतो का ते टेप घेऊन मोजावं. आणि भिंतीतलं कपाट उघडून वास घ्यावा, उत्तरेच्या खोलीतल्या कपाटात बुरशीचा वास येत असेल तं ते घर सोडून द्या, लेकराच्या छातीला ते चांगलं नाही. या सगळ्याला एक शनिवार पुरे. त्या दिवशी मिस्टरांना सांगा, स्टेशनवरच्या दुकानातून १० किलो तांदूळ घ्या आणि तो पाठीवर टाकून घरापर्यंत चालत जा. तामा डोंगरावर आहे, नकाशावर दहा मिनिटं दिसणारा रस्ता चढाचा निघतो. मग कळेल तुम्ही रोज काय करणार ते.

भूकंपाचं तुम्ही विचारलं नाही पण आईवडील विचारतीलच. जपानात जून १९८१ पासून भूकंपाचे नवे कडक नियम लागू झाले, त्यामुळे बिल्डिंग त्याच्या आधीची की नंतरची हा पहिला प्रश्न. नागायामा-सुवाची घरं आधीची आहेत, मात्र यूआर आपल्या जुन्या बिल्डिंगांची तपासणी करून घेते, तुमच्या बिल्डिंगचं काय निघालं ते ऑफिसात नंबर सांगून विचारायचं, सांगतात. मन मानत नसेल तं न्यू टाउनच्या पश्चिम टोकाला मिनामी-ओसावाकडे पाहा, तिकडच्या वसाहती नंतरच्या आहेत, काही ठिकाणी लिफ्ट आहे, पण भाडं तुमच्या ७० हजारात बसणार नाही आणि स्टेशनही आणखी पुढे.

आता शाळा. माझ्या अनुभवानं घर कुठं घ्यायचं हे शेवटी यावरच ठरते. तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलमधे सुरू होतं आणि १ एप्रिलपर्यंत सहा पूर्ण झालेलं लेकरू पहिलीत जातं, म्हणजे तुमची मुलगी जाताबरोबर पहिलीत. परदेशी लेकरांना शाळेत घालायची सक्ती नाही, पण नगरपालिकेत पत्ता नोंदवून अर्ज केला की सरकारी शाळेत घेतात, शिक्षण अन् पुस्तकं फुकट. कोणती शाळा हे पत्त्यावरून ठरते, म्हणून पत्ता लवकर ठरलेला बरा. तुम्हाला जर मुलीला सीबीएसईतच शिकवायचं असेल, दोन-तीन वर्षांत परत यायचं पक्कं असेल, तर तामाचा विचार सोडा. भारतीय शाळा टोकियोच्या पूर्वेला आहेत, एदोगावा आणि कोतो या भागात, आणि तामाहून सहा वर्षांच्या लेकराला रोज तिकडे पाठवणं शक्य नाही. निशी-कासाई भागात आपली माणसं इतकी आहेत की २०१९ ला एदोगावाच्या वॉर्ड सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी माणूस निवडून आले. तिथं डाळ-पीठ हाताशी, बोलायला बायका, गणपती-दिवाळी सगळं. पण यूआरचं तसंच तीन खोल्यांचं घर लाखाच्या वर, शाळेची फी वर्षाला लाखो येन, आणि साडेतीन लाखांच्या पगारात कपात जाऊन हातात पावणेतीनच्या आसपास येतात, त्यात हे बसवणं म्हणजे गावाकडून पैसे मागवायची वेळ. शिवाय एदोगावाचा बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, २०१९ मधे त्यांनीच पुराचा जो नकाशा काढला त्याच्यावर मोठा पूर असेल तर "इथं थांबू नका" असं स्पष्ट छापलं होतं. ऑफिस शिंजुकूला असल्यानं मिस्टरांचा वेळही फार वाचणार नाही, तिकडूनही गाडी बदलून जावं लागते आणि ती तोझाई लाइन गर्दीसाठी नावाजलेली आहे. तामाहून शिंजुकूला सरळ गाडी, ४० मिनिटांच्या आसपास, चालणं धरून घर ते ऑफिस सव्वा तास धरा. रेल्वेचा पास बहुतेक कंपन्या देतात, तो करमुक्तही असतो, फक्त कंपनीची मर्यादा किती ते एचआरला विचारून घ्या, कारण लांब राहून भाडं वाचवायचं सगळं गणित त्या पासवर उभं आहे.

आणि चार-पाच वर्षं राहायचा विचार असेल, मुलगी जपानी शाळेत गेली तरी चालेल असं असेल, तर तामाइतकी चांगली जागा मला कमी दिसते. तिथं गाड्यांचे रस्ते अन् चालायचे रस्ते वेगळे केलेत, पूल टाकलेत, लेकरं मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोहोचतात. पहिलीतली पोरं आपली आपण चालत जातात, तुम्हाला पहिले आठ दिवस धडकी भरेल, मग सवय होईल. शाळेच्या जेवणात डुक्कर-गाईचं मांस असू शकते, आधी बोललं तं डबा देऊ देतात.

तुम्ही डी.एड. झाल्याचं लिहिलंय. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधारानं मिळणाऱ्या व्हिसावर, सरळ नोकरी करता येत नाही पण वेगळी परवानगी काढली की आठवड्याला २८ तास काम करता येते. धाकट्यासाठी पाळणाघर हवं असेल तर सरकारमान्य पाळणाघरात आई-बाप दोघं कामावर असल्याचं दाखवावं लागतं, तीन ते पाच वयाला ऑक्टोबर २०१९ पासून फी माफ, तीन वर्षांच्या आतल्याला आधी उत्पन्नाप्रमाणे फी होती, टोकियोत सप्टेंबर २०२५ पासून तीही माफ झाली. लेकरांचा भत्ताही मिळतो, तीन वर्षांच्या आतल्याला महिन्याला १५ हजार, त्यापुढे १० हजार, ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची मर्यादाही राहिली नाही. म्हणजे तुमच्या दोघा लेकरांचे २५ हजार. पत्ता नोंदवायला जाल त्याच दिवशी तिथंच अर्ज द्या, हा भत्ता मागचा मिळत नाही, उशीर केला की तेवढे महिने गेले. आणि यूआरला विचारा की या घराला लहान लेकरं असलेल्यांची किंवा ३५ च्या आतल्या भाडेकरूची सवलत लागू आहे का. ती सगळ्या घरांना नसते आणि तीन वर्षांच्या मुदतीचा करार असतो, पण जिथं असते तिथं भाडं चांगलं कमी होते.

घर सोडतानाचं आत्ताच सांगतो कारण डिपॉझिट पहिल्या दिवशीपासून वाचवावं लागते. रोजच्या वापरानं जे जुनं होतं, उन्हानं वॉलपेपर पिवळा पडला, फ्रिजमागे काळं झालं, त्याचे पैसे भाडेकरूला द्यावे लागत नाहीत, एप्रिल २०२० पासून ते कायद्यातच लिहिलंय. पण आपली फोडणी त्यात बसत नाही. शेगडीमागच्या भिंतीवर तेलाचे शिंतोडे, हळदीचे हात, देवघराजवळ अगरबत्तीचा धूर, हे "निष्काळजीपणानं" मधे घालतात आणि पूर्ण भिंतीचा वॉलपेपर तुमच्या नावे लागतो. तिकडच्या शंभर येनच्या दुकानात शेगडीमागे उभा करायचा ॲल्युमिनियमचा पडदा मिळतो, तो लावा, शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या पंख्याची जाळी महिन्याला बदला, भिंतीला खिळा मारू नका, टाचणी चालते. जाताना सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, चटईचा, दाराचा फोटो तारखेसकट काढून ठेवा. यूआर सोडायला १४ दिवस आधी कळवलं की झालं, खासगीत बहुतेक महिना.

कचऱ्याचं एक वाक्य. तामा शहरात ठरलेल्या विकतच्या पिशवीतच कचरा टाकावा लागतो, वार ठरलेले, चुकलं की पिशवी तिथंच राहते आणि कोणाची आहे हे जिन्यातल्या सगळ्यांना माहीत असते. वसाहतीच्या सफाईच्या दिवशी पहिल्यांदा तरी खाली उतरा, भाषा येत नसली तरी झाडू धरता येतो, एवढ्यानंही ओळखी होतात.

किराण्याची चिंता करू नका. शिंजुकूच्या बाजूचंच स्टेशन शिन-ओकुबो, तिथं तूरडाळ, हरभऱ्याचं पीठ, मसाले सगळं मिळतं, मिस्टरांच्या वाटेवरच आहे, आठवड्याला एक फेरी त्यांच्या नावे लावून द्या. गावाहून जवसाची चटणी अन् काळा मसाला न्या, तो मात्र तिकडे मिळत नाही.

राहिलं सासूबाईंचं. हे थोडं कडू आहे पण आधी कळलेलं बरं. डिपेंडंट व्हिसात नवरा-बायको अन् मुलं एवढीच येतात, आईवडील येत नाहीत. हायली स्किल्ड नावाच्या वरच्या व्हिसावाल्यांना सात वर्षांच्या आतलं लेकरू सांभाळायला आईबाप आणता येतात, पण त्याला घरचं वार्षिक उत्पन्न ८० लाख येन लागते, तुमचं ४२ आहे. म्हणून त्यांना भेटीचा व्हिसा काढून बोलवायचं, जास्तीत जास्त ९० दिवस. मिस्टरांना यूआरमधे सांगताना "आई कायम राहणार" असं सांगू नका म्हणावं, तिसरी खोली त्यांच्यासाठी म्हणून जास्त भाड्याचं घर घेऊ नका. बोलवायचं झालं तं सप्टेंबर संपल्यावर बोलवा, ऊन-दमट सरलेलं असते, पानगळ पाहून होते आणि थंडीच्या आत परत. दसऱ्याच्या सुमारास इकडे सोयाबीन निघून गेलेलं असते, कापूस वेचायला त्यांच्याशिवाय अडणार असेल तर मग एप्रिल-मे धरा. पहिल्या मजल्याचं मी एवढं लावून धरून राहिलो त्यात त्यांचे गुडघेही आले.

मिस्टरांना हे वाचायला पाठवा आणि नवीन घराचा कागद आला की वसाहतीचं नाव, बिल्डिंगचा नंबर, मजला आणि बांधल्याचं साल एवढं लिहा, मी सकाळीच पाहून सांगतो.